उणे एक

प्रेस क्रमांक तीनचा ठोकळा वर उचलायला अठरा मिनिटं लागली. तो वर सरकला तेव्हा खाली जे दिसलं ते पाहून दोन धट्टेकट्टे कामगार भिंतीला धरून ओकले.

साच्यावर म्हातारा फिटर उताणा पडला होता. छातीचा चेंदामेंदा झाला होता. डोकं साच्याच्या कडेवरून खाली लोंबत होतं, डोळे सताड उघडे आणि दात घट्ट आवळलेले. रक्त अजून थेंबाथेंबाने फरशीवर पडत होतं.

त्याला सगळा कारखाना मामा म्हणायचा. वरच्या मजल्यावर प्रेसचे प्रोग्राम लिहिणारी पोरगी त्याची सख्खी भाची. कामाच्या पहिल्याच दिवशी तिने चाळीस माणसांसमोर "मामा!" अशी हाक मारली, आणि त्या दिवसापासून म्हाताऱ्याला दुसऱ्या नावाने कुणी बोलावलं नाही.

फौजदार बाई पोचल्या तेव्हा प्रेसजवळ फक्त त्यांचा हवालदार होता. बाकीचा कारखाना अंगणात जमला होता, आणि तिथे आणखी एक जीव जायच्या बेतात होता.

भाचीला केसांना धरून जिन्यावरून ओढत आणलं होतं. कुणीतरी लोखंडी नट फेकून मारला होता. भुवई फुटून तिचा अर्धा चेहरा लाल झाला होता. एका जाड बुटाने तिचा उजवा हात फरशीवर दाबून धरला होता.

"ह्याच हाताने लिहिलंस ना? बोल, ह्याच हाताने?"

बोटं मोडल्याचा आवाज फौजदार बाईंना दहा पावलांवरून ऐकू आला. त्यांनी पिस्तूल काढलं नाही. सरळ जाऊन बूटवाल्याच्या गुडघ्यामागे लाथ घातली आणि तो कोसळल्यावर त्याच्या मानेवर स्वतःचा बूट ठेवला.

"हं. आता कुणाचा नंबर?"

कुणाचाच नव्हता. जमाव दोन पावलं मागे सरला. बूटवाला म्हणजे पाळीचा मुकादम होता. एरवी त्याच्या आवाजाला सगळी पाळी टरकून असायची, आता तो धुळीत गाल टेकून रडत होता.

"पोरीला दवाखान्यात न्या," बाई हवालदाराला म्हणाल्या. "आणि हिला कुणी हात लावला तर आधी हात मोडायचे, कारण मागाहून विचारायचं."

भाची शुद्धीवर होती. स्ट्रेचरवर चढवताना ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मामाला मी मारलं."

साहेबांची खोली काचेची होती. साहेब म्हणजे कारखान्याचे मुख्य इंजिनिअर. टेबलावर पाण्याचे तीन ग्लास ओळीने रिकामे पडले होते.

"अपघात आहे हो बाई, सरळसरळ अपघात. प्रोग्रामची चूक."

"प्रोग्राम माणूस मारतो?"

"मारू देतो." साहेबांनी चौथा ग्लास भरला. "प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा किरण असतो. सेन्सर तो मोजून आकडा देतो. शून्य म्हणजे मधे काहीतरी आडवं आहे, प्रेस थांबते. शंभरच्या आसपास म्हणजे रस्ता मोकळा, प्रेस चालते. आणि सेन्सरची तारच तुटली असेल तर तो देतो उणे एक. उणे आकडा आला की प्रेसने थांबायलाच हवं."

"आणि थांबली नाही."

"नाही. तार तुटलेली सापडलीय. आणि ही बघा नोंद. प्रेसच्या मेमरी कार्डातली, गुरुजींनी छापून दिली."

बाईंनी कागद घेतला. चारच ओळी होत्या.

१२.१० प्रकाश ९८
१२.१९ प्रकाश −१
१२.२२ प्रकाश −१
१२.२४ प्रकाश −१ ठोकळा खाली

"तार तुटली, प्रोग्रामने तिकडे काणाडोळा केला, आणि मामा नेमके आत वाकलेले. प्रोग्रामच्या माथ्यावर त्या पोरीचं नाव आहे. मी काय करू?"

"बारा ते साडेबारा तुम्ही कुठे होता?"

"जेवणाची सुटी होती. इथेच होतो."

"कुणी पाहिलं?"

"काचेची खोली आहे, पण पाहायला कुणी नव्हतं," साहेब ओशाळून म्हणाले.

"अशी प्रेस, असा प्रोग्राम, आणखी कुठे आहे?"

"सहा महिन्यांपूर्वी प्रेस चालवणारे संगणकाचे बोर्ड बदलले, तेव्हापासून हाच प्रोग्राम त्यांवर आहे. सतरा कारखान्यांत आपल्या प्रेस चालतात."

"आत्ता? ह्या घटकेला चालतात?"

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. "उगाच घबराट नको पसरायला. मालकांना विचारतो आणि तासाभरात सगळ्यांना कळवतो."

"तासाभरात," बाई म्हणाल्या. "मी घड्याळ लावलंय."

मुकादम जिन्याखाली बसला होता. त्याच्या उजव्या मुठीची साल निघालेली होती.

"ही आजची?" बाईंनी विचारलं.

"कालची. काल माझी न् मामांची जुंपली होती. दोन ठोसे त्यांचे, तीन माझे."

"कशावरून?"

"म्हणे, नवे बोर्ड बसवलेल्या सगळ्या प्रेस बंद ठेव. का म्हणून विचारलं तर म्हणे शनिवारी सांगतो. आज वार गुरुवार! शनिवारपर्यंत माल काय आभाळातून पडणार? माझं डोकं सटकलं."

"सुटीत कुठे होतास?"

"गेटाबाहेर. सिगारेट ओढत. एकटा."

"म्हणजे काल मारामारी, आज मुडदा, आणि तू एकटा. तुलाच आत का टाकू नये?"

"टाका." मुकादमाने नाक पुसलं. "पण बाई, मघापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीय. म्हातारा चाळीस वर्षांत एकदाही मेन स्विचला स्वतःचं कुलूप ठोकल्याशिवाय यंत्रात शिरला नाही. कुलूप खिशात, किल्ली गळ्यात. स्विच बंद करायचा, कुलूप लावायचं, मग हात घालायचा. आम्ही चिडवायचो त्यांना, की मामा घरी जेवायच्या आधीपण कुलूप लावतात. ते कुलूप कुठंय?"

हवालदाराने मृताच्या खिशातल्या वस्तूंची पिशवी पुढे केली. पितळी कुलूप होतं. मिटलेलं, वर रक्त वाळलेलं.

मुकादम त्याच्याकडे बघत राहिला. "मग म्हातारा आपल्या पायांनी आत गेलाच नाही."

"हे कुलपाचं कुणाकुणाला ठाऊक?"

"खालच्या पोराटोरांनाही. वरच्या मजल्यावरच्यांचं सांगता येत नाही. ते खाली उतरतात कधी?"

"आणि हे ठाऊक असून तू त्या पोरीची बोटं मोडलीस."

"तेव्हा आठवलं नाही हो," मुकादम म्हणाला. त्याला लाज वाटत होती आणि ती त्याने लपवली नाही.

शवागारातून डॉक्टरांचा फोन जिन्यावरच आला.

"कवटी मागून फुटलीय. घाव गोल दांड्याचा वाटतो."

"प्रेसने नाही?"

"प्रेसने छाती गेली. डोकं साच्याच्या कडेवर आपटलं असंही म्हणता येईल, कोर्टात कुणीतरी म्हणेलच. जबडा मात्र इतका घट्ट आवळलाय की उघडत नाहीय. उघडला की पुढचं सांगतो."

प्रेस तीनच्या मागे भिंतीला पाच पहारी टेकून ठेवल्या होत्या. चार तेलाने काळ्या होत्या. पाचवी पुसून लख्ख केलेली. बाईंनी ती कापडात गुंडाळून घेतली.

वरच्या खोलीत दोन टेबलं होती. एक भाचीचं, एक गुरुजींचं. गुरुजी हे काही त्यांचं शिक्षण खात्यातलं पद नव्हे. कारखान्यात ज्यांना ज्यांना संगणकाच्या सी भाषेत दोन ओळी लिहिता येत, त्यांना त्या ह्याच माणसाने शिकवल्या होत्या, म्हणून गुरुजी. मऊ आवाज, जाड चष्मा, मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट. पंखा बंद होता आणि खोलीत घामाच्या धारा लागत होत्या.

"चहा घ्या बाई." डाव्या हाताने ओतताना बशीत बराच सांडला. "फार वाईट झालं. पण तिला फार दोष देऊ नका. माझी विद्यार्थिनी आहे. घाईघाईत होतं असं."

"सुटीत तुम्ही कुठे होता?"

"इथेच. आम्ही दोघं इथेच डबा खाल्ला. बारा ते साडेबारा तिने जागा सोडली नाही, हे मी शपथेवर सांगेन. निदान कुणी तिच्यावर भलता आळ घ्यायला नको."

"बोर्ड बदलले तेव्हा प्रोग्राम कुणी बदलला?"

"बदलायचं काय त्यात?" गुरुजी हसले. "सी आहे. एकदा लिहिलं की कुठेही चालतं. नवा कंपायलर घ्यायचा, बटण दाबायचं. ते बटण मी दाबलं, एवढंच."

बाईंनी दोन्ही टेबलांकडे पाहिलं. "हिचा संगणक नवा दिसतोय."

"हो, तिने हट्टाने मागून घेतला. नव्या बोर्डाच्याच जातीचा आहे. मला आपला जुनाच बरा. हाताला वळण पडलंय त्याचं."

दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर भाचीची आई बसली होती. मुलगी आत होती आणि आई बाहेर, मधे एक दार होतं, तेही उघडंच.

"आत नाही गेलात?"

"कशाला जाऊ? माझ्या पाठचा भाऊ होता तो. बाप गेल्यावर ह्या पोरीला त्याने शिकवलं. फिया भरल्या, नोकरीला चिकटवलं. आणि पोरीने काय केलं? खाल्ला माझा भाऊ."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तोच म्हणाला होता, चार दिवसांपूर्वी. ताई, पोरीच्या प्रोग्रामात काहीतरी घोळ झालाय. मी म्हटलं तिला सांग की. तर म्हणाला, आत्ता नको. एकाला शब्द दिलाय, शनिवारपर्यंत तोंड उघडणार नाही."

"कुणाला दिला शब्द?"

"ते नाही बोलला."

"मुलीशी शेवटचं कधी बोललात?"

"आजच. सव्वाबाराला फोन आला तिचा, गच्चीवरून. वाऱ्याने अर्धं ऐकू येईना. साडेबारापर्यंत बडबडत होती. मामाच्या साठीला काय घ्यायचं म्हणून विचारत होती." आईने पदर तोंडात कोंबला आणि मान फिरवली.

आत भाचीचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. भुवईवर सात टाके पडले होते.

"मला अटक करा," ती म्हणाली.

"घाई काय आहे? तुरुंग काही पळून जात नाही. आधी मला समजाव, तुझं चुकलं काय? लहान पोराला सांगतेस तसं सांग. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही."

भाचीने डोळे मिटले. "आपण जे लिहितो ते यंत्राला कळत नाही. मधे दुभाषी लागतो. तो कंपायलर. प्रत्येक जातीच्या यंत्राचा दुभाषी वेगळा. भाषेचे बहुतेक नियम पक्के आहेत. पण काही गोष्टी नियमांनीच दुभाष्यावर सोडून दिल्यात. आकडा ठेवायचा जो सगळ्यात छोटा डबा असतो, त्यात उणे आकडा ठेवता येतो का, हे ज्याचं त्याने ठरवायचं. जुन्या बोर्डाचा दुभाषी म्हणतो, येतो. नव्याचा म्हणतो, नाही."

"आणि तरी टाकला तर?"

"उणे एक टाकला तर डब्यात दोनशे पंचावन्न होतात."

"म्हणजे तार तुटली की..."

"दोनशे पंचावन्न. शंभराच्याही वर. प्रेसला वाटतं रस्ता अगदी लख्ख मोकळा आहे." तिने डोळे उघडले. "चार वर्षांपूर्वी मी तोच डबा वापरला. इथे उणेही चालेल असा एक शब्द जास्तीचा लिहिला असता, तर कुठल्याही बोर्डावर प्रेस थांबली असती. मी नाही लिहिला. जुना बोर्ड जन्मभर राहणार असं धरून चालले. बोर्ड बदलले तेव्हा मला कुणी विचारलं नाही, पण मीही विचारलं नाही. आज अंगणात ते मला शिव्या देत होते, तेव्हा माझ्या डोक्यात हे लख्खकन आलं."

बाईंनी खिशातून साहेबांचा कागद काढून तिच्यासमोर धरला.

भाचीने वाचला. पुन्हा वाचला. मग ती उशीवरून उठून बसली.

"बाई, मला कारखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

चार वाजता वरच्या खोलीत सगळे जमले. साहेब खिडकीजवळ, मुकादम दाराशी, गुरुजी आपल्या खुर्चीत. बोलावलं नसताना आईही आली होती आणि भिंतीजवळ उभी होती. खोलीत येण्यापूर्वी बाईंना डॉक्टरांचा दुसरा फोन येऊन गेला होता.

"हवालदार, ही सांगेल तसं टाइप करा. आधी हिच्या संगणकावर."

भाची सांगत गेली, हवालदार एका बोटाने टाइप करत गेला. प्रेसचाच प्रोग्राम होता, सेन्सरची तार तुटली आहे असं त्याला खोटं सांगितलेलं. पडद्यावर ओळ उमटली. प्रकाश २५५. ठोकळा खाली.

"आता गुरुजींच्या."

"माझ्या संगणकावर कशाला?" गुरुजी म्हणाले. "तोच प्रोग्राम आहे."

"तेच तर बघायचंय."

हवालदाराने तेवढंच पुन्हा टाइप केलं. प्रकाश −१. थांब.

साहेबांनी दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने पाहिलं, त्यांना कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर ते गुरुजींकडे वळले.

"मला एवढंच कळलं," फौजदार बाई म्हणाल्या. "हा प्रोग्राम उणे एक बघतो तेव्हा थांबतो. थांबत नाही तेव्हा त्याने उणे एक पाहिलेलाच नसतो. मग ह्या कागदावर उणे एक आणि ठोकळा खाली, ही दोन्ही एका ओळीत कशी? नवा बोर्ड उणे एक छापूच शकत नाही. ही नोंद प्रेसची नाही. ती एका टेबलावर बसून तयार केली आहे, जुन्या जातीच्या संगणकावर, आणि मग त्यातला 'थांब' खोडून 'ठोकळा खाली' लिहिलंय. असा संगणक, ज्यावर कंपायलर आहे, ह्या इमारतीत किती आहेत साहेब?"

"एक," साहेब म्हणाले. "माझ्यावर मी फक्त पत्रं लिहितो."

"खऱ्या नोंदीत काय असणार तेही सांगते. किरण अगोदर अडला. काही वेळ कुणीतरी प्रेसमध्ये निपचित पडून होतं. आणि नंतर तार तुटली. अपघातात तार आधी तुटते आणि माणूस नंतर वाकतो. इथे माणूस आधी आणि तार नंतर. म्हणून खरी नोंद पुसावी लागली. पुसली, खोटी बनवली, कार्डात भरली आणि स्वतःच छापून साहेबांच्या हातात दिली."

गुरुजी चष्मा पुसत होते. "बाई, मी तर हिच्यासोबत..."

"हो, ती शपथ! ही पोरगी सव्वाबारापासून गच्चीवर आईशी बोलत होती. आई साक्षीला उभी आहे. तुम्ही दिलेला पुरावा हिच्यासाठी नव्हता, गुरुजी, तो तुमच्या स्वतःसाठी होता. मामांना सुटीत प्रेसपाशी बोलावलंत. पहार डोक्यात घातलीत. ओढून साच्यावर टाकलंत, तार तोडलीत आणि पेडल दाबलंत. मामांचं कुलूप खिशातच राहिलं, कारण वरच्या मजल्यावरच्या माणसाला ते कुलूप कशासाठी असतं हेच ठाऊक नव्हतं."

"सगळ्या कल्पना आहेत," गुरुजी म्हणाले.

"मग शर्टाची उजवी बाही वर करा. डॉक्टरांनी आत्ताच जबडा उघडला. साच्यावर टाकताना म्हातारा क्षणभर शुद्धीवर आला असणार, त्याच्या दातांत माणसाच्या मांसाचा तुकडा आहे."

गुरुजींनी बाही वर केली नाही. टेबलावरची कात्री उचलली आणि एका झेपेत भाचीचे केस धरून तिची मान मागे ओढली. कात्रीचं टोक गळ्यात रुतलं, रक्ताची बारीक रेघ खाली आली.

"दारातून बाजूला व्हा! सगळे!"

मुकादम बाजूला झाला नाही. गुरुजी तिला ओढत दाराशी आले तसा त्याने नुसता पंजा पुढे घातला आणि कात्री मुठीत धरली. पातं तळहातातून आरपार गेलं. तो गुरासारखा ओरडला, पण मूठ सोडली नाही. तेवढ्यात भिंतीजवळून आई धावली. तिने चहाची किटली उचलली आणि पूर्ण ताकदीने गुरुजींच्या तोंडावर हाणली. चष्मा फुटला. नाकाचं हाड मोडलेलं सगळ्यांनी ऐकलं. ती दुसऱ्यांदा हाणणार होती, तिसऱ्यांदाही हाणली असती. फौजदार बाईंनी तिचा हात धरला.

"ताई, बास. जिवंत हवाय मला."

हवालदाराने गुरुजींना पालथं करून बाही फाडली. मनगटाच्या वर रुमाल बांधला होता. रुमालाखाली दातांचं कडं होतं आणि मधलं मांस नव्हतं.

"का?" भाचीने विचारलं. ती जमिनीवर बसून एका हाताने गळा दाबून धरत होती. "गुरुजी, का?"

गुरुजी फुटक्या नाकातून बोलले. शब्द रक्तात बुडत होते.

तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात एका बाईचे दोन्ही हात मनगटापासून गेले होते. प्रेस दुरुस्त करायला मामा गेले होते. तार तुटलेली असताना प्रेस चालते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. परत येऊन ते भाचीकडे गेले नाहीत. आधी त्यांना कळून घ्यायचं होतं की चूक नक्की कुणाची. ते गुरुजींकडे गेले. गुरुजींना मिनिटभरात कळलं. नवा कंपायलर लावल्यावर तार तोडून बघायची चाचणी त्यांनी केलीच नव्हती, केल्याची सही मात्र ठोकली होती.

"मला म्हणाले, तुम्ही मोठे आहात, गुरू आहात पोरीचे. शनिवारपर्यंत स्वतः सांगा, नाहीतर मी सांगतो." गुरुजी खोकले. "तीस वर्षं शिकवलं मी सगळ्यांना. सगळ्यांसमोर उभं राहून हे कसं सांगायचं?"

"म्हणून चुकीला दुसरा धनी शोधलात," बाई म्हणाल्या. "चूक लपणार नव्हतीच. मग ती हिच्या नावावर, आणि ओळखणारा प्रेसखाली. ज्या डब्यामुळे त्या बाईचे हात गेले तो तुम्हाला कळला होता. पण खोटी नोंद करायला बसलात तेव्हा तुमचाही हात सवयीच्या संगणकावर गेला. एकदा लिहिलं की कुठेही तसंच चालतं, असं तुम्हालाच वाटत राहिलं. चला, उचला ह्याला."

त्यांना नेलं. मुकादमाला दवाखान्यात नेलं. जाताना भाचीच्या प्लास्टरकडे बघून त्याने मान खाली घातली.

खोलीत भाची, आई, बाई आणि साहेब उरले.

"चूक माझीही होती," भाची म्हणाली.

"होती," बाई म्हणाल्या. त्यांना खोटं समाधान द्यायची सवय नव्हती. "पण चूक दुरुस्त करता येते. खून येत नाही."

भाचीने एकदम मान वर केली. "साहेब, बाकीचे सतरा कारखाने?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. "मालकांचा फोन लागत नव्हता. मी म्हटलं उद्या सकाळी..."

फौजदार बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी खिशातून पत्त्यांची वही काढून टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे गेले.

भाचीने फोन ओढला. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्याला सवय नव्हती. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. तिसऱ्यांदा फोन हातातून सुटला.

आई पुढे आली. खुर्ची ओढून मुलीच्या शेजारी बसली, वही समोर घेतली, डोळ्यांपासून जरा लांब धरली आणि पहिला नंबर लावला. मग रिसीव्हर मुलीच्या कानाला धरून ठेवला.

पहिला कारखाना बंद झाला. दुसरा झाला. पाचव्याने शिव्या घातल्या आणि बंद केला. प्रत्येक वेळी आई नंबर लावायची, धरायची, आणि वहीत बोट एक ओळ खाली सरकवायची.

अकराव्या ठिकाणी कुणीतरी तरुण बाई फोनवर आली. मागे शेजारच्या प्रेसचे ठोके ऐकू येत होते. धाड. धाड. धाड.

"जोरात बोला हो," ती ओरडली. "इथे एक तार लोंबतेय, सेन्सरची की कसली, ती बसवायला आमचा माणूस आता आत वाकलाय, मी त्याच्याजवळच उभी..."

"बंद करा!" भाची किंचाळली. गळ्यावरची जखम पुन्हा फुटली. "आधी कारखान्याचा मेन स्विच बंद करा! बोलू नका, पळा!"

रिसीव्हर तिकडे कशावर तरी आपटला. पावलं धावली. एक ठोका आला. आईने मुलीचा खांदा घट्ट धरला.

पुढचा ठोका आला नाही.

बऱ्याच वेळाने तिकडून फोन कुणीतरी उचलला. एक पुरुष होता, त्याला काहीच कळलं नव्हतं आणि तो वैतागला होता.

"काय कटकट आहे? कोण बोलतंय?"

भाचीने कपाळ टेबलावर टेकलं. आईनेच रिसीव्हर स्वतःच्या कानाला लावला.

"प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीची आई बोलतेय," ती म्हणाली. "तुमचे हात जागेवर आहेत ना, एवढंच सांगा."